सोसायटीचा किल्ला मुलांच्या डोक्यातून यावा यासाठी काय करावं?

पारिजातक

नमस्कार. पुण्यात आमच्या सोसायटीत मुलं दिवाळीला किल्ला करतात, या वर्षी ते सांभाळायची जबाबदारी माझ्याकडे आहे. मुलं १२, वयं ६ ते १३. जागा पार्किंगच्या कडेला ५ फूट बाय ४ फूट, खाली पेव्हर ब्लॉक. हातात वसुबारसेआधीचे ९ दिवस, रोज संध्याकाळी दीड-दोन तास.

आतापर्यंतची पद्धत अशी की कुणीतरी मोबाइलवर फोटो दाखवतं, दोन-तीन बाबा उत्साहाने तसाच किल्ला उभा करतात आणि मुलांच्या वाट्याला चित्रं (मातीचे मावळे वगैरे) मांडण्याचं काम उरतं. किल्ला देखणा होतो, पण त्यातली एकही कल्पना मुलांची नसते. सगळंच मुलांवर सोडलं तर दुसरी गंमत होते. चिखल भेगाळतो, बुरूज ढासळतात, उगवण होत नाही, मोठी मुलं ताबा घेतात आणि लहान मुलं तिसऱ्या दिवशी यायची बंद होतात.

कल्पना मुलांची असावी आणि किल्ला भाऊबीजेपर्यंत उभाही राहावा, असं दोन्ही जमवायचं आहे. मोठ्यांनी नेमकं काय करावं आणि कशाला हात लावू नये? मातीचं प्रमाण, क्रम, किती सामान लागेल हेही सांगा.

---

घाटवाट

पारिजातक, आधी फोटो बाजूला ठेवा. फोटोत सगळे प्रश्न सुटलेले असतात, मग मुलांना फक्त नक्कल करायची उरते. पण "तुम्हाला हवा तसा करा" हेसुद्धा सांगू नका. एवढंच सांगितलं की बहुतेक मुलं शंकूसारखा डोंगर, वर सिंहासन, समोर सरळ पायऱ्या यापलीकडे जात नाहीत, कारण त्यांच्यापुढे सोडवायला काहीच नसतं. त्यांना पेच द्या.

पेच असा: "या गडावर ३०० माणसं राहणार आहेत. पाऊस चार महिने, पुढचे आठ महिने थेंब नाही. शत्रू खालच्या गावापर्यंत आलाय. पाणी कुठे साठवाल? धान्य कुठे? दार कुठल्या बाजूला? रात्री दोर लावून कुणी चढलं तर कुठून चढेल?" यातलं एकेक चिठ्ठीवर लिहा, मुलांना उचलू द्या. उत्तर तोंडी नको, मातीत करून दाखवायचं.

पहिल्या दिवशी जागेवर जाऊच नका. १२ मुलांचे चार-चारचे तीन गट करा, प्रत्येक गटात एक मोठं, दोन मधली आणि एक लहान. प्रत्येक गटाला साधारण दीड फुटाचा ट्रे किंवा परात आणि ओली वाळू द्या. वाळूच हवी, कारण ती मोडून पुन्हा करायला काही वाटत नाही, चिखलात एकदा हात गुंतला की मुलं मोडायला तयार होत नाहीत. २५-३० मिनिटांत पहिला किल्ला. मग एक चिठ्ठी. "दारूगोळ्याच्या कोठाराला आग लागली." कोठार सदरेला चिकटून असेल तर सदर गेली. आता बदला. मग दुसरी चिठ्ठी. तीन फेऱ्यांत किल्ला इतका बदलतो की पहिला कुठला होता तेही आठवत नाही.

नंतर तिघांतला उत्तम कोणता यावर मतदान घेऊ नका. एक गट जिंकला की उरलेली आठ मुलं मजूर होतात. त्याऐवजी प्रत्येक ट्रेमधली किमान दोन उत्तरं मोठ्या किल्ल्यात यायलाच हवीत असा नियम करा. एका गटाचं दार, दुसऱ्याचं पाण्याचं टाकं, तिसऱ्याची चोरवाट. ती एकमेकांत बसवताना जी भांडाभांडी होते त्यातूनच खरा नवा किल्ला तयार होतो.

मोठ्यांनी एक वाचन आधी करून ठेवावं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (मराठेशाहीतला राज्यकारभारावरचा ग्रंथ) दुर्गांवर प्रकरण आहे. आधी गडावर पाणी पाहावं आणि मगच किल्ला बांधावा, असं त्यात स्पष्ट आहे. झरा पुरतोय म्हणून निश्चिंत राहू नये, टाकी बांधावीत, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात आणि पाण्याचा खर्च वाढतो. गडाला एकच दरवाजा असणं हा मोठा दोष, म्हणून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या (लपवलेली छोटी दारं) ठेवाव्यात. दारूखाना वस्तीजवळ नसावा. हे मुलांना वाचून दाखवू नका. त्यांचं उत्तर मातीत करून झालं की मग सांगा, "अमात्यांनीही हेच लिहून ठेवलंय." दहा वर्षांच्या मुलाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो.

खऱ्या किल्ल्यांवरची उत्तरंही अशीच हाताशी ठेवा, मूल अडलं की एकच पुढे करायचं. दार लपवायचंय? रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कवेत आहे, खालून सरळ दिसत नाही. शत्रूची वाट लांबवायचीय? लोहगडाला ओळीने चार दरवाजे आहेत आणि वाट वळत वळत जाते. तट फुटला तर? राजगडाच्या संजीवनी माचीला (माची म्हणजे डोंगराच्या सोंडेवरची तटबंद सपाटी) चिलखती बुरूज आहेत, बाहेरचा पडला तरी आत दुसरा उभा. धान्य? पन्हाळ्याचा अंबारखाना. चहूकडे खारं पाणी असेल तर? सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. पुण्यात राहता, तर आदल्या रविवारी सिंहगड किंवा लोहगड सहज होईल. तिथे प्रत्येकाने एकाच गोष्टीचं चित्र काढायचं, उदाहरणार्थ बाहेरून दिसणारं दार. अख्खा गड काढायला सांगितलं की मुलं बघायचं सोडून उरकतात.

मोठ्यांनी हात लावायचा तो फक्त विटा उचलणं, पाइप कापणं, काच-खिळे बघणं आणि विजेची जोडणी यांना. चिखलात हात घालायचा नाही. सगळ्यात कठीण जातं ते गप्प बसणं. मुलांनी विचारलं, "काका, पायऱ्या इकडून करू?" तर "तिकडून कोण येणार आहे?" असा उलटा प्रश्न विचारून निदान मिनिटभर थांबा. आणि "वा, छान!" याने पुढे काही होत नाही. "टाक्याचं तोंड तू तटाच्या आत घेतलंस, आता बाहेरून कुणी पाणी नासवू शकत नाही" असं नेमकं बोला. मुलाला आपण काय केलं ते कळतं आणि पुढच्या वेळी तो मुद्दाम करतो.

---

चिखलकाला

घाटवाट यांनी डोक्याचं सांगितलं, मी मातीचं सांगतो. बुरूज दोनदा ढासळला की मुलं नवं काही करून बघायला घाबरतात, म्हणून माती नीट जमणं इथे महत्त्वाचं.

सामान, तुमच्या ५ बाय ४ आणि अडीच फूट उंचीसाठी: विटा किंवा विटांचे तुकडे ४०-५०, फळांचे रिकामे क्रेट ३, गोणपाटाची पोती ५ (उसवून सपाट केलेली, प्लास्टिकची पोती नकोत, त्यांना चिखल धरत नाही), चाळलेली माती १२ घमेली, वाळू ३-४ घमेली, बारीक केलेला पेंढा किंवा भाताचं तूस १ घमेलं, ताडपत्री ८ बाय ७ फूट. ताडपत्री चहूबाजूंनी दीड फूट जास्त ठेवा, पेव्हर ब्लॉकवर गेरूचे डाग पडले की निघत नाहीत आणि पुढच्या वर्षी परवानगी मागायला जड जातं.

किल्ला आतून पोकळच करायचा. भरीव केला तर याच मापात पाऊण टनाच्या आसपास माती लागेल, आतला गाभा आठवडाभर ओला राहील आणि वरचा थर सुकून फाटेल. भेगांचं मूळ कारण हेच असतं, वरचं आकसतं आणि आतलं आकसत नाही.

दुसरं कारण काळी माती. ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. बांधकामावरची लाल माती किंवा मुरुमाची चाळ मिळाली तर ती घ्या: माती ३, वाळू १, तूस पाव. काळीच मिळत असेल तर माती आणि वाळू निम्मी-निम्मी आणि तूस अर्धा भाग. मिसळून ओल्या पोत्याखाली रात्रभर मुरवा. सकाळी मुठीत दाबून गोळा करा आणि कंबरेच्या उंचीवरून टाका. फुटून विखुरला तर पाणी कमी. पसरून चपटा झाला तर पाणी जास्त. दोन-तीन तुकडे झाले आणि ते आकार धरून राहिले की बरोबर. ही चाचणी सहा-सात वर्षांच्या मुलांकडे द्या, ती त्यांचीच राहते आणि त्यांना कुणी हुसकावत नाही.

सांगाडा: खाली क्रेट, त्यावर विटा, उतार हवा तिथे तुकडे. सह्याद्रीचा डोंगर गुळगुळीत उताराचा नसतो, बेसॉल्टचे थर एकावर एक असल्यामुळे कडा, मग सपाटी, पुन्हा कडा असा उतरतो. विटा आडव्या टप्प्याटप्प्याने लावल्या की तो आकार आपोआप येतो. भुयार किंवा चोरवाट हवी असेल तर ३ इंची पाइपचे तुकडे आत्ताच बसवा. नंतर कोरायला गेलं की वरचा चिखल खाली येतो. टाक्यासाठी प्लास्टिकचा डबा आत्ताच बसवा, कड मातीच्या वर बोटभर. मातीत नुसता खड्डा करून पाणी भरलं तर ते खाली झिरपून त्या बाजूचा उतार दोन दिवसांत बसतो.

मग पोती पातळ चिखलाच्या पाण्यात बुडवून सांगाड्यावर पांघरा, सांधे चार बोटं एकमेकांवर. त्यावर तीन थर, प्रत्येकी दीड-दोन सेंटिमीटरच. एकदम जाड थर दिला तर तो स्वतःच्या वजनाने घसरतो. पहिल्या थरावर बोटांनी ओरखडे काढून ठेवा म्हणजे दुसरा धरेल. अंगठा दाबला आणि चिखल चिकटला नाही, पण ठसा उमटला, की पुढचा थर. उन्हात सुकवू नका, ऊन असेल तर वर ओलं पोतं. भेगा येतीलच. त्यात कोरडी माती भरू नका. आधी भेग ओली करा, मग पातळ चिखल बोटाने आत दाबा.

तट आणि बुरूज डोंगराच्या मातीचे नकोत, शाडूचे करा, आणि पहिल्या दिवसापासून सावलीत करायला घ्या. शाडूत भिजवून कुटलेला कागदाचा लगदा मिसळा, किलोला एक मूठ. लाटून एक सेंटिमीटर जाड पट्ट्या, उंची चार सेंटिमीटर, वरच्या कडेला पट्टीने चर्या (तटाच्या माथ्यावरचे दाते) कापायच्या. बुरुजासाठी औषधाची बाटली किंवा प्लास्टिकचा ग्लास, त्याला आधी कागद गुंडाळा, मग पट्टी लपेटा. शाडू सुकताना आकसतो, बाटली मात्र तेवढीच राहते. त्यामुळे रात्रभर तशीच ठेवली की बुरूज उभा फाटतो. तीन-चार तासांनी, आकार धरला की बाटली ओढून काढा. पट्ट्या कागदावर ठेवून रोज उलटा, नाहीतर वाकड्या होतात. डोंगरावर बसवताना दोन्ही बाजूंना ओरखडे आणि मध्ये पातळ शाडू.

लहान मुलं चर्या फार सुंदर कापतात. सारख्या होत नाहीत, आणि त्या सारख्या करून देऊ नका.

---

रोपवेडी

उगवणीबद्दल. बहुतेक ठिकाणी घोटाळा होतो तो तारखेचा.

हळीव सगळ्यात सोपे. भिजवायचे नाहीत, भिजवले की बुळबुळीत गोळा होतो. ओल्या मातीवर कोरडेच भुरभुरा. पाणी लागलं की त्यांना जो चिकटपणा येतो त्यामुळे ते तिरक्या उतारावरही घसरत नाहीत. चौरस फुटाला एक ते दीड छोटा चमचा पुरे. जास्त टाकले की दाटी होऊन बुरशी धरते आणि पांढरे कापसासारखे डाग दिसतात. दीड-दोन दिवसांत मोड, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवं. दहाव्या दिवसाच्या सुमारास मात्र लांब होऊन मान टाकतात. म्हणून निम्म्या भागावर वसुबारसेच्या चार दिवस आधी पेरा आणि उरलेल्या निम्म्यावर वसुबारसेला. एका बाजूचं झुकायला लागेल तोवर दुसरी बाजू भरात येईल.

मोहरी एखादा दिवस उशिरा येते आणि सपाटीवर बरी. माचीवर शेत दाखवायचं असेल तर आठ तास भिजवलेले गहू, चौरस फुटाला एक मूठ, सहा-सात दिवस आधी. नाचणीही चालते, तिचं पातं बारीक असतं त्यामुळे मापात शोभते.

पेरलेल्या जागेवर पहिले दोन दिवस ओलं सुती फडकं टाका. चिमण्या आणि मुंग्या दाणे पळवतात, आणि वरची माती सुकली तर मोड मरतो. मोड दिसले की फडकं लगेच काढा, नाहीतर रोपं पिवळी पडतात. पाणी फक्त फवाऱ्याने, सकाळ-संध्याकाळ. तांब्याने ओतलं तर बी वाहून पायथ्याशी जमतं आणि सगळं जंगल खालीच उगवतं.

जिथे उगवायला हवं तिथे शेवटच्या थरात चाळलेलं कंपोस्ट एक-तृतीयांश मिसळा. तिथे गेरू, चुना, फेव्हिकॉल काही नको. चुन्याच्या पाण्याने कोवळी मुळं जळतात. तट-बुरूज पेरणीआधी बसवून घ्या, नंतर बसवताना हात टेकून रोपं चिरडतात.

आणि कुठे जंगल, कुठे शेत, कुठे उघडा कडा हे मुलांना आधी खडूने आखू द्या. किल्ला म्हणजे सगळीकडे हिरवळ असं नसतं. कड्यावर झाड आलं तर शत्रूला चढायला आधार होतो, तिथे उघडाच ठेवायला हवा. हे एकदा लक्षात आलं की मुलं बी पेरताना तासभर वाद घालतात.

---

पारिजातक

खूप उपयोगाचं. वाळूचे ट्रे आणि चिठ्ठ्या नक्की करणार. आता दोन अडचणी आहेत. तेरा वर्षांच्या तिघांना "राजगडच करायचा, आणि अगदी तंतोतंत" असं आहे. जागतिक वारशाच्या यादीत आल्यापासून तर जास्तच. सहा-सात वर्षांच्या मुलांना गडावर रोपवे, डायनासोर आणि क्रिकेटचं मैदान हवंय. दोन्ही गट एकमेकांना ऐकत नाहीत. तंतोतंत राजगड केला तर कल्पनेला काय उरतं, असाही प्रश्न पडतो.

---

समोच्चरेषा

तंतोतंत करायला घेतलं की कल्पना मरते असं मला वाटत नाही. उलट मापाशी झटापट करताना फार विचार करावा लागतो. फक्त त्या तिघांना आधी हे गणित करू द्या.

समजा डोंगराचा १५०० मीटर रुंद भाग घेतला आणि तुमची जागा ५ फूट म्हणजे सुमारे १५० सेंटिमीटर. म्हणजे १ सेंटिमीटरला १० मीटर. पायथ्यापासून ५०० मीटर चढ असेल तर डोंगर ५० सेंटिमीटर. ८ मीटरचा तट ८ मिलिमीटर. आणि बाजारात मिळणारा ६ सेंटिमीटरचा मावळा या मापात ६० मीटर उंच ठरतो, तटाच्या साडेसात पट. म्हणजे तंतोतंत होणारच नाही. मग काय खरं ठेवायचं आणि काय मोठं करायचं, हा निर्णय त्यांनाच घ्यावा लागतो. इथे मुलं खरोखर डोकं लावतात.

दोन मार्ग आहेत. एक, डोंगराचा आकार खरा ठेवायचा. समोच्च रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा ए-फोर कागदावर असा छापा की १५०० मीटर म्हणजे कागदावर १५ सेंटिमीटर येतील. त्यावर एक सेंटिमीटरचे चौकोन पाडा, आणि ताडपत्रीवर खडूने १० सेंटिमीटरचे, १५ बाय १२. दर १०० मीटरची रेषा एकेका चौकोनातून खाली उतरवा. नुसत्या मापात केलेला डोंगर डोळ्याला बसका दिसतो, म्हणून उंची दीडपट करा, ५० ऐवजी ७५ सेंटिमीटर. मग १०० मीटरचा प्रत्येक टप्पा १५ सेंटिमीटर येतो, म्हणजे आडव्या ठेवलेल्या दोन विटा. चिखलकाला यांचा सांगाडा जसाच्या तसा यावर बसतो. मावळे मात्र या किल्ल्यावर न ठेवता पायथ्याच्या गावात ठेवा, किंवा माणसं म्हणून मोहऱ्या-तिळाचे दाणे वापरा. लांबून गड केवढा मोठा आहे ते तेव्हा कळतं.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. अख्खा राजगड न घेता एकच जागा घ्या. संजीवनी माचीचा शंभर-सव्वाशे मीटरचा तुकडा घेतला तर १ सेंटिमीटरला १ मीटर येतं. ८ मीटरचा तट ८ सेंटिमीटरचा होतो, दुहेरी तटाच्या मधली फट, तिच्यात उतरणाऱ्या पायऱ्या, दिंडी हे सगळं हाताने करता येतं. चिलखती बुरूज फोटोत बघून कळत नाही. मातीत करताना "मधे जागा कशाला सोडली?" हा प्रश्न येतोच, आणि उत्तर मुलं स्वतः शोधतात: बाहेरचा तट पडला तरी आत येणारा त्या फटीतच अडकतो.

जागतिक वारशाचा मुद्दा निघालाच आहे तर त्याचाही उपयोग करून घ्या. जुलै २०२५ मध्ये नोंद झालेले किल्ले १२ आहेत: महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी. त्यात गिरिदुर्ग आहेत, सिंधुदुर्ग-सुवर्णदुर्ग-खांदेरीसारखे पाण्यातले आहेत. प्रत्येक मुलाने एक घ्यायचा आणि त्यातली एकच युक्ती आपल्या किल्ल्यात आणायची, असंही करता येईल. १२ मुलं आणि १२ किल्ले, हिशोबही जुळतो.

---

तटसरनौबत

रोपवे आणि डायनासोरबद्दल माझं मत वेगळं आहे. महाराजांच्या सिंहासनाशेजारी डायनासोर हे बरं दिसत नाही. किल्ला हा खेळ असला तरी तो आदराने करायचा खेळ आहे, आणि हे मुलांना सांगायला हवं. नाही म्हटल्याने कल्पनाशक्ती कोमेजत नाही.

---

घाटवाट

तटसरनौबत, सिंहासनाची मर्यादा पाळावी याला माझी पूर्ण सहमती. सदर, सिंहासन, देऊळ एवढी जागा आखून द्या आणि तिथे काय असेल ते ठरलेलं असू द्या. पण सहा वर्षांच्या मुलाला सरळ "नाही" म्हटलं तर त्याला एवढंच कळतं की हा मोठ्यांचा किल्ला आहे, आणि तो पुढच्या दिवशी येत नाही. पारिजातकताईंची मूळ तक्रार तीच आहे.

एकच नियम सगळ्यांना लावा, मोठ्यांनाही: किल्ल्यावर जी वस्तू ठेवायची तिचं काम सांगायचं. "मला आवडतो" हे काम झालं नाही. डायनासोर पायथ्याच्या जंगलात असेल तर तो काय खातो, पाणी कुठे पितो, गावातल्या गुरांना कसं वाचवणार? यातून कुंपण येतं, माळा येतो, पाणवठा येतो. पुष्कळदा दुसऱ्या दिवशी डायनासोर गायब होतो आणि पाणवठा राहतो. राहिला तरी बिघडलं नाही, जंगलात राहू दे.

रोपवे तर खरोखरच रायगडाला आहे. तो नुसता दोरा बांधून चालत नाही, म्हणून मुलांसाठी फारच चांगला पेच आहे. खालचा खांब आणि वरचा खांब विटेत घट्ट रोवावा लागतो, दोरा सैल राहिला तर पाळणा मधेच अडकतो, ताणला तर वरचा खांब उपटतो. शिवणयंत्राच्या दोन रिकाम्या रिळांवर दोऱ्याची बंद माळ फिरवली आणि काडेपेटीचा पाळणा केला की चालतो. जुन्या काळाशी जुळवायचं म्हणत असाल तर तोच पाळणा धान्य वर चढवायला वापरा. क्रिकेटचं मैदान गावात. गावाला मैदान असतंच.

मोठ्या मुलांना हा नियम जास्त बोचेल. त्यांनी आणलेल्या तोफा, झेंडे, तयार कमानी यांचंही काम विचारा. "ही तोफ कुणावर रोखली आहे?" याचं उत्तर नसेल तर तोफ हलवायची.

---

दूरदेशी

ज्यांना अंगण नाही किंवा जे थंड देशात आहेत त्यांच्यासाठी थोडं. बाल्कनीत ओल्या मातीचं वजन नको. बुटाचे खोके आणि पुठ्ठ्याचा सांगाडा, त्यावर मैद्याच्या खळीत भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या, चार थर. खळीसाठी एक वाटी मैदा पाच वाट्या पाण्यात घोटून शिजवा, बुरशी येऊ नये म्हणून चमचाभर मीठ. मोरचूद घालायची जुनी पद्धत मुलांबरोबर काम करताना टाळा, ते विषारी आहे. एकेक थर पूर्ण सुकू द्या, चारही एकदम दिले तर आतून आंबट वास येतो. कागद सुकला की वरून फक्त एक सेंटिमीटर मातीचा थर, तोही जिथे उगवण हवी तिथेच, खाली प्लास्टिकचा कागद घालून.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाहेर थंडी असेल तर हळीव बाहेर उगवायला फार वेळ घेतात. उथळ ट्रेमध्ये कापसावर घरात उगवून घ्या आणि तयार चकत्या कापून किल्ल्यावर बसवा. गवताचे तुकडे हवे तसे सरकवता येतात, मुलांना हे फार आवडतं.

---

चिखलकाला

कारंज्याचं राहिलं होतं, मुलं मागणारच. औषधाच्या दुकानातून नवा कोरा सलाइन सेट घ्या, सुई काढून टाका. तोंडाला संपलेल्या बॉलपेनची रिफिल धुऊन, टोकाची गोळी काढून बसवा. पाण्याची बाटली कारंज्याच्या तोंडापेक्षा निदान दोन-तीन फूट वर टांगा, नळी आधी पाण्याने पूर्ण भरून घ्या, मधे हवेचा बुडबुडा राहिला की धार येत नाही. पाणी बाटलीतल्या पातळीच्या वर कधीच उडणार नाही. हे सांगू नका, बाटली वर-खाली करून मुलांना शोधू द्या. पडणारं पाणी डब्यातच पडेल असं बघा.

पणत्या गोणपाटापासून आणि सुकलेल्या गवतापासून हातभर लांब. उजेडासाठी बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या दिव्यांची माळ बरी, घरातल्या विजेची वायर ओल्या मातीत नको. परतीचा पाऊस येऊ शकतो, चार काठ्या रोवून वर ताडपत्री बांधायची सोय आधीच ठेवा.

---

रोपवेडी

मोडतानाचं एक. तट-बुरूज हलक्या हाताने सुटे करा, शाडू भिजवला की पुन्हा वापरता येतो, बादलीत झाकून ठेवा. रंग, गेरू आणि फेव्हिकॉल लागलेला वरचा थर वेगळा खरवडून टाका. उरलेली माती आणि कंपोस्ट सोसायटीच्या झाडांना चालेल, पण वाळू जास्त असल्याने कुंडीत निम्म्याहून अधिक घालू नका. वाळूच्या ट्रेंचे फोटो आणि चिठ्ठ्या एका पाकिटात तारीख घालून ठेवा, पुढच्या वर्षी चिठ्ठ्या नवीन लिहा आणि त्या मुलांनाच लिहायला सांगा.